फाडून पाठवायचा कागद : जन्म-मृत्यू नोंदणीबद्दल वाचकांचे प्रश्न

जन्म-मृत्यू नोंदणीबद्दल प्रश्न पाठवा असे मागच्या अंकात म्हटले होते. आलेली बहुतेक पत्रे दाखल्याबद्दल आहेत : कुठे मिळतो, चूक कशी दुरुस्त होते, उशीर झाला तर काय करायचे. ते साहजिक आहे. पण नोंदणीच्या छापील अर्जाला दोन भाग असतात. पहिला कायदेशीर माहितीचा. तो नोंदवहीला जोडला जातो आणि त्यावरून दाखला निघतो. दुसरा सांख्यिकी माहितीचा, म्हणजे आईचे वय, शिक्षण, राहण्याचे गाव, बाळाचे वजन वगैरे. हा भाग फाडून वर पाठवायचा असतो. आता काम संगणकावर होते, तरी हे दोन भाग कायम आहेत. पहिल्या भागात चूक झाली तर घरचे लोक कार्यालयात खेटे घालतात. दुसऱ्या भागात काहीही भरले तरी कोणी विचारत नाही. खालची बरीच उत्तरे या दुसऱ्या भागाभोवती फिरतात.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या जन्म नोंदवहीत वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जन्म दिसतात. अंगणवाडीत मात्र बाळे कितीतरी जास्त आहेत. नोंदी बुडतात का?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : बहुधा बुडत नाहीत, दुसरीकडे लागतात. आपल्याकडे जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद होते, कुटुंब कुठे राहते हे पाहिले जात नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम हेच सांगतो. तुमच्या गावच्या बायका बाळंतपणाला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर शहरातल्या खासगी दवाखान्यात जातात, म्हणून त्या नोंदी तिथल्या नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या वहीत असतात. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे बाळ तुमच्या गावचे, पण त्याची नोंद दुसऱ्याच जिल्ह्यात.

शहराच्या वहीत जन्म फुगलेले आणि गावाच्या वहीत आटलेले दिसतात ते यामुळे. यावर उपाय अर्जातच आहे. सांख्यिकी भागात आईचे नेहमीचे राहण्याचे गाव, तालुका आणि जिल्हा विचारलेला असतो. तो नीट भरला तर जन्म मोजताना पुन्हा तुमच्या गावाच्या नावावर आणता येतो. पण दवाखान्यातला कर्मचारी बऱ्याचदा आधारवरचा पत्ता उतरवून घेतो, आणि लग्नाला वर्षच झालेल्या मुलीच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता असतो. लसी किती मागवायच्या, अंगणवाडी कुठे वाढवायची, पाच वर्षांनी पहिलीचे वर्ग किती लागतील, हे हिशेब या एका रकान्यावर अवलंबून असतात. आशाताईंना सांगा की बाळंतपणाला जाणाऱ्या बाईच्या पिशवीत एका चिठ्ठीवर सासरचे गाव, तालुका, जिल्हा स्वच्छ अक्षरात लिहून द्या. पैसा लागत नाही आणि काम होते.

प्रश्न : आमचे कुटुंब ऊसतोडीला जाते. गेल्या हंगामात सुनेचे बाळंतपण कर्नाटकात फडाजवळच्या कोपीवर (झोपडीत) झाले. परत आलो तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. आमचे ग्रामसेवक नोंद घ्यायला तयार नाहीत.
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : ग्रामसेवक अडवणूक करत नाहीत, कायद्याने त्यांना ती नोंद घेताच येत नाही. जन्म ज्या गावच्या हद्दीत झाला, नोंद तिथलीच. शिवाय तुमच्या बाबतीत ते गाव दुसऱ्या राज्यातले आहे. मुदतीचा हिशेब असा आहे. २१ दिवसांच्या आत खबर दिली तर काही भरावे लागत नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर एक वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. तुम्ही तिसऱ्या टप्प्यात आहात, आणि परवानगी त्याच जिल्ह्याची हवी जिथे जन्म झाला. म्हणून वर्ष संपायच्या आत हालचाल करा. पुढच्या हंगामाला त्याच भागात जाणार असाल तर ती वेळ साधा. बाळ तिथेच जन्मले याचा पुरावा सोबत न्या : तिथल्या आरोग्य उपकेंद्रात दिलेल्या पहिल्या लसीची नोंद, माता-बाल संरक्षण कार्ड, टोळीच्या मुकादमाचे लेखी निवेदन.

मुळात बाळंतपण कोपीवर झाले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन खबर द्यायची. घरी झालेल्या जन्माची खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर असते, दवाखान्यात झालेल्या जन्माची दवाखान्यावर. वाटेत गाडीत जन्म झाला तर गाडी चालवणाऱ्याने किंवा तिच्या प्रमुखाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यायची असा नियम आहे. १०८ रुग्णवाहिकेत झालेल्या बाळंतपणालाही तोच लागू होतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यात दुरुस्ती लागू झाली. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्यांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. पूर्वी 'शाळेत घालताना गुरुजी तारीख टाकतील' यावर भागत असे. तुमच्या नातवाचे तसे भागणार नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीचे बाळ जन्मल्यावर दोन तासांत गेले. दवाखान्याने 'मृत जन्म' अशी नोंद केली. आता त्याने काय फरक पडतो, असे घरचे म्हणतात. खरेच पडतो का?
— एक वाचक, पालघर

उत्तर : पडतो. बाळाने जन्मल्यावर श्वास घेतला, रडले, हृदयाचे ठोके लागले किंवा हातपाय हलवले, म्हणजे जिवंतपणाची एकही खूण दाखवली, तर तो जिवंत जन्म. अशा बाळाची दोन वेळा नोंद करायची : नमुना १ या अर्जावर जन्माची आणि नमुना २ वर मृत्यूची. नमुना ३ फक्त मृत जन्मासाठी, म्हणजे ज्या बाळाने यातली एकही खूण दाखवली नाही त्याच्यासाठी. दोन तास जगलेले बाळ नमुना ३ वर गेले की ते बालमृत्यूत मोजलेच जात नाही.

असे का होते? दवाखान्यासाठी दोनाऐवजी एकच अर्ज भरावा लागतो. कधी बालमृत्यूचे प्रकरण समितीपुढे जाऊन प्रश्न विचारले जातील ही धास्ती असते. आणि घरच्यांना या बाळाचा दाखला कशालाच लागत नाही. नोंदणीत नेहमी तेच मृत्यू गळतात ज्यांच्या दाखल्याची कोणाला गरज नसते. पुरुष गेला की सातबारावर वारस लावायचे असतात, बँकेचे, विम्याचे काम असते, म्हणून आठवड्यात धावपळ सुरू होते. जिच्या नावावर जमीन नाही त्या म्हातारीची नोंद राहून जाते, आणि पाळण्यात न पडलेल्या बाळाची तर हमखास.

देशाचा बालमृत्यू दर २०२३ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे २५ होता. हा आकडा या नोंदवह्यांतून आलेला नाही. तो नमुना नोंदणी पद्धतीतून येतो : निवडक गावांत आणि वस्त्यांत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस घरोघर जाऊन स्वतंत्र पाहणी करतो, आणि मग दोन्ही याद्या पडताळून पाहिल्या जातात. पद्धत चांगली आहे, पण पाहणीसाठी निवडलेली गावे थोडी असल्याने ती राज्याचा दर सांगते, जिल्ह्याचा सांगू शकत नाही. नवजात अर्भकांच्या कक्षाला आणखी परिचारिका पालघरला हव्यात की नंदुरबारला, हे कळायला नोंदवहीच हवी. बहिणीच्या केसपेपरवर बाळ रडल्याची किंवा वजनाची नोंद असेल तर दवाखान्याला लेखी अर्ज देऊन नोंद बदलून घ्या. जन्म-मृत्यू निबंधकाकडेही त्याची प्रत द्या.

प्रश्न : वडील रात्री घरीच वारले. मृत्यूदाखल्यावर कारणच लिहिलेले नाही. विमा कंपनी कारण मागते. ग्रामपंचायतीची चूक आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चूक नाही. मृत्यूदाखल्यावर कारण छापायचे नाही असे कायद्याचेच कलम आहे. कारण लिहिलेले प्रमाणपत्र वेगळे असते. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा नमुना ४-अ. त्यासाठी पैसे घेता येत नाहीत, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही मिळायची असते. वडिलांवर कोणत्या डॉक्टरांचे औषध चालू होते ते आठवा आणि त्यांच्याकडे आधीच्या कागदांसह जा. ज्यांनी आधी कधी तपासलेच नाही त्या डॉक्टरांनी सही द्यायला नकार दिला तर तो बरोबर आहे, त्यांच्यावर रागावू नका.

एक सावधगिरी. सर्पदंश, विषबाधा, भाजणे, पडणे, वीज, अपघात यांपैकी काही असेल तर ४-अ वर भागवू नका. पोलिसांना कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावे लागते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात, सर्पदंशही त्यात बसतो. पण अंत्यविधी उरकून गेल्यावर कारण सिद्ध करणे फार अवघड जाते.

हे पान डॉक्टरांच्याही हातात पडेल असे धरून थोडे सविस्तर. नमुना ४ मध्ये कारणे उलट्या क्रमाने लिहायची असतात : (अ) मध्ये शेवटचे तात्कालिक कारण, (ब) मध्ये ते कशामुळे झाले, (क) मध्ये साखळी जिथून सुरू झाली तो मूळ आजार. समजा पायाला गँगरीन होऊन रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि रुग्ण गेला. (अ) सेप्टिक शॉक, दोन दिवस. (ब) पायाचे गँगरीन, तीन आठवडे. (क) मधुमेह, बारा वर्षे. साखळीत न बसणारा पण भर घालणारा रक्तदाब दुसऱ्या भागात. आकडेवारीत मोजला जातो तो मूळ आजार, म्हणजे इथे मधुमेह. प्रत्यक्षात कितीतरी अर्जांवर एवढेच लिहिलेले असते : 'हृदयक्रिया बंद पडून'. हृदय बंद पडल्याशिवाय कोणीच मरत नाही, तेव्हा या ओळीतून काहीही कळत नाही. असा कागद आजाराला सांकेतिक क्रमांक देणाऱ्याकडे जातो आणि 'कारण अस्पष्ट' या ढिगात पडतो. नमुन्यात स्त्रीबाबत गरोदरपण किंवा बाळंतपण होते का असा प्रश्न असतो. तो कोरा राहिला की एक मातामृत्यू कावीळ किंवा रक्तस्राव बनून हरवतो.

२०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरांनी कारण प्रमाणित केले होते. गोव्यात मात्र हे प्रमाण जवळपास शंभर टक्के असते. म्हणजे आपल्याच शेजारी हे जमते.

प्रश्न : आधार आहे, जनगणना आहे. मग दर जन्म-मृत्यू नोंदवण्याचा एवढा आटापिटा कशाला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधार माणूस आहे हे सांगते, तो कधी गेला हे आपणहून सांगत नाही. मृत्यूची नोंद झाली नाही तर रेशनकार्डावर, मतदारयादीत, निवृत्तिवेतनाच्या यादीत तो जिवंतच राहतो. जनगणना दहा वर्षांनी एकदा काढलेला फोटो. शेवटचा २०११ चा, आणि पुढचा १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाचा. मधली सोळा वर्षे लोकसंख्येचे अंदाजच वापरले जातात. मधल्या काळात रोज काय घडते ते फक्त नोंदवही सांगते.

याचा अर्थ कोविडमध्ये कळला. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख. ही सगळी वाढ कोविडची नव्हे. नोंदणी सुधारली की आकडा वाढतोच आणि लोकसंख्याही वाढते. नेमके किती जास्त मृत्यू झाले यावर जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांच्यात वाद झाला. संघटनेचा दोन वर्षांचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता, सरकारने तो अमान्य केला. नोंदणी आधीपासून शंभर टक्के असती आणि निम्म्या मृत्यूंना तरी कारण असते, तर वादाला एवढी जागाच उरली नसती. सरकारी अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये सुमारे ९२.७ टक्के जन्म आणि ९२ टक्के मृत्यू नोंदले गेले. शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत जन्म १०० टक्के आणि मृत्यू किमान ८० टक्के असे लक्ष्य आहे. मृत्यूच्या संख्येत आपण ते केव्हाच ओलांडले. कारणाच्या बाबतीत मात्र फार मागे आहोत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या गुड्डा-गुड्डी फलकावर या महिन्यात मुलगे सहा, मुली दोन दिसल्या. गावाची बदनामी झाली. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : हा फलक तुमच्याच जिल्ह्यातून देशभर गेला, त्यामुळे प्रश्न तिथूनच यावा हे ठीकच. आठ जन्मांत सहा-दोन निव्वळ योगायोगाने होऊ शकते. आठ वेळा नाणे उडवून पाहा, सहा छाप अनेकदा पडतील. गावाचा महिन्याचा आकडा वाचूच नये, निदान तीन-चार वर्षे एकत्र करावीत. तालुक्याचा वर्षाचा आकडा मात्र गंभीरपणे घ्यावा. हस्तक्षेप नसेल तर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या मुलांचे हे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ८९४ होते, २०११ मध्ये ८०७ वर आले. तोवर दहा वर्षे हातची गेली होती. जन्म नोंदवही दर महिन्याला बेरजेला तयार असते, कोणत्या तालुक्यात काय चालले आहे ते तिथे लगेच दिसले असते. पण पहिल्या उत्तरातली गोष्ट इथेही लागू आहे : आईचे राहण्याचे गाव चुकले तर गर्भलिंग सांगणारे सोनोग्राफी केंद्र शोधायला पथक भलत्याच तालुक्यात जाईल.

प्रश्न : बारसे व्हायच्या आतच दवाखान्याने नोंद केली. नाव कसे घालायचे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नावाशिवाय झालेली नोंद वैध असते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. अर्ज आई-वडिलांनी जिथे नोंद झाली त्या कार्यालयात करायचा. पाळण्यातले नाव आणि व्यवहाराचे नाव वेगळे ठेवणार असाल तर अर्जात व्यवहाराचेच लिहा, कारण एकदा घातलेले नाव बदलणे ही 'दुरुस्ती' धरली जात नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींतले अक्षरन् अक्षर सही करण्यापूर्वी तपासा. आडनावाचे स्पेलिंग वडिलांच्या कागदांवर जसे आहे तसेच ठेवा.

प्रश्न : आजीचा जन्म १९५० च्या आसपासचा. जन्मदाखला काढायला एजंट बरेच पैसे मागतो. काढावा का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी विचारा, कशासाठी हवा आहे? जन्मदाखलाच हवा ही अट १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना आहे. आजीला शाळा सोडल्याचा दाखला किंवा इतर मान्य कागद चालतात. खरेच गरज असेल तर जुनी नोंद शोधा. पूर्वी गावोगाव जन्म-मृत्यूची वही, गाव नमुना १४, ठेवली जाई. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. त्या वह्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या. मराठवाड्यात बरेच जुने दप्तर मोडी किंवा उर्दूत आहे, म्हणून वाचणारा माणूस लागतो. आणि अशा नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच : तारीख, बापाचे नाव, जात, आणि 'मुलगी'. आजीला बहिणी असतील तर ती कोणती मुलगी हे इतर कागदांवरून जुळवावे लागेल.

नोंद नसेलच तर 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला, नमुना १०, मिळतो. तो घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे विलंबित नोंदणीचा अर्ज करता येतो. पण सही कोणाची ते पाहा. अधिकार नसताना नायब तहसीलदारांच्या सहीने निघालेले असे आदेश राज्य शासनाने २०२५ मध्ये रद्द केले आणि चौकशीची पद्धत बरीच कडक केली. त्यात पैसे देऊन एजंटकडून दाखले घेतलेले कितीतरी लोक अडकले. नांदेडच्या एजंटला एकही रुपया देण्याआधी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज टाका, गावाचे त्या वेळचे नाव आणि तालुका लिहून. तेव्हाचा तालुका आताच्यापेक्षा वेगळा असू शकतो, आणि वही त्या जुन्या तालुक्यात असेल.